सुई टोचणे (लहान मुलांना)

वापरून टाकलेली इंजेक्शनची सुई, लॅन्सेट (बोटातून रक्ताचा थेंब काढायची टोचणी) किंवा इन्सुलिन पेनची सुई मुलाच्या हातापायात चुकून रुतणे. ग्रामीण विदर्भात अशा सुया उकिरड्यावर, गोठ्यात आणि दवाखान्यामागच्या कचऱ्यात सापडतात. पोती शिवायच्या दाभणाची गोष्ट वेगळी. त्यावर दुसऱ्या माणसाचे रक्त नसते, त्यामुळे तिथे काळजी मुख्यतः धनुर्वाताची.

आईचा पहिला प्रश्न आशाताईला ठरलेला असतो : ‘ताई, पोराले एड्स त नाही होनार ना?’ ही भीती समजण्यासारखी असली, तरी तिचा रोख चुकीच्या रोगावर आहे. बाधित रुग्णाच्या ताज्या रक्ताने भरलेली सुई आरोग्य कर्मचाऱ्याला टोचली, तरी एचआयव्हीचा धोका हजारात सुमारे 3 असतो. उघड्यावर पडलेल्या सुईत रक्त थोडे आणि वाळलेले, म्हणून धोका त्याहून कितीतरी कमी. कॅनडात माँट्रियलच्या बालरुग्णालयांनी अशा 274 मुलांच्या नोंदी तपासल्या. पुढील तपासण्या झालेल्या एकाही मुलात एचआयव्ही किंवा काविळीच्या विषाणूंची लागण आढळली नाही.

खरे लक्ष हवे ते ‘ब’ काविळीकडे. हा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो, आणि लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुईतून लागण होण्याचे प्रमाण 6 ते 30 टक्के मानले जाते. सुदैवाने त्यावर लस आहे : जन्मल्यावर 24 तासांत एक मात्रा, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून. त्यामुळे दवाखान्यात जाताना पैशाच्या पाकिटाआधी लसीकरणाचे कार्ड शोधावे. मात्रा राहिल्या असतील तर डॉक्टर लस आणि गरज वाटल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देतात.

टोचल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात घालू नये, चुना-हळद भरू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचा निर्णय डॉक्टरांचा. ती शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात, म्हणून आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट पाहणे परवडत नाही. बेवारस, कोरड्या सुईसाठी ती सहसा देत नाहीत. त्याच दिवशी केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली की घरचे निर्धास्त होतात. वास्तविक ती फक्त आधीची स्थिती सांगते. लागण झाली की नाही, हे 6 आठवडे, 3 महिने आणि 6 महिन्यांच्या तपासण्यांतून कळते. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. माहितीसाठी 1097 हा क्रमांक आहे.

गोठ्यातली सुई असेल तर प्रश्न बदलतो. गुरांकडून एचआयव्ही येत नाही. पण कालवडींना देतात ती ब्रुसेला (गुरांच्या गर्भपाताचा रोग) लस जिवंत जंतूंची असते आणि माणसाला आजारी पाडू शकते. लाळ-खुरकुताची तेलयुक्त लस बोटात गेली तर सूज इतकी वाढते, की शस्त्रक्रियाही लागू शकते. अशा वेळी लसीची रिकामी बाटली डॉक्टरांना नेऊन दाखवावी.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016च्या नियमांनुसार दवाखान्यांनी सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकायच्या असतात. घरातल्या इन्सुलिनच्या सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली चालते.