अँड्रॉइड, आयफोन आणि भूकंपाआधीचे काही सेकंद

अँड्रॉइड की आयफोन, हा वाद बहुतेक वेळा कॅमेऱ्यावरच येऊन अडतो. माझ्या मते खरा फरक जमीन हादरते तेव्हा कळतो.

फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते ती ॲक्सेलरोमीटर या चिपमुळे. तिच्या आत सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा लवचिक पट्ट्यांवर अधांतरी असतो. फोन हलला की तो किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि हालचाल मोजली जाते. चिप दोन्हीकडे आहे, पण गूगलने २०२० पासून तिच्यातून भूकंपमापकांचं जाळंच उभं केलं. टेबलावर निवांत पडलेल्या फोनला भूकंपाची पहिली, सौम्य पी-लहर जाणवली की तो सर्व्हरला कळवतो. त्याच भागातल्या बऱ्याच फोनांनी तेच कळवलं की इशारा सुटतो. नासधूस करणारी एस-लहर मागून सेकंदाला साधारण ३.५ किलोमीटर वेगाने येत असते; इंटरनेटवरून सुटलेला इशारा तिला मागे टाकतो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट घ्या, आणि ही सोय तेव्हा होती असं धरा. किल्लारीहून सोलापूर सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे एस-लहरीला तेवीस-चोवीस सेकंद. भूकंप ओळखण्यात काही सेकंद गेले तरी दहा-पंधरा उरले असते. लातूरला जेमतेम तीन-चार. आणि खुद्द किल्लारीला काहीच नाही, कारण केंद्राजवळ दोन्ही लहरी जवळपास एकदमच पोचतात.

यंत्रणा चुकतेही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाला तिने सुरुवातीला ४.५ ते ४.९ चा मानला आणि सर्वांत वरच्या दर्जाचा इशारा फक्त ४६९ फोनांना गेला. गूगलने नंतर गणनपद्धत सुधारली.

आयफोनमध्ये असं स्वतःचं जाळं नाही. ॲपलचा भर अडचणीतल्या एकेका माणसावर: २०२२ च्या आयफोन १४ पासून २५६ जीपर्यंतचा (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५६ पट) धक्का मोजून गाडीचा अपघात ओळखणं, काही देशांत थेट उपग्रहामार्फत मदत मागणं. कामगिरी मोठीच, पण ती संकट येऊन गेल्यावरची. इतके आयफोन हादरे टिपू शकत असताना ते एकमेकांच्या उपयोगी पडू नयेत, हे मला खटकतं.

अँड्रॉइड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'अर्थक्वेक अलर्ट्स' सुरू आहे ना, हे आजच पाहा. सर्वांत गंभीर इशारा 'डू नॉट डिस्टर्ब' मोडूनही वाजतो, पण रात्री डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करून झोपलात, तर तो तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.