ब्रोशरमधले 20 किलोमीटर परभणीच्या उन्हात कुठं जातात?

मोबिलिटी स्कूटर घ्यायची म्हणलं की दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला, एका चार्जिंगमध्ये किती जाते? उत्तर पण ठरलेलं, 15-20 किलोमीटर आरामात. तसं ते खोटं नसतंय, पण ते किलोमीटर गुळगुळीत सपाट रस्त्यावर, बेताच्या वजनाचा माणूस बसवून, नव्या बॅटरीवर आणि थंड हवेत मोजलेले असतात, आणि यातली एक पण गोष्ट आपल्याकडं मे महिन्यात जुळत नाही.

आधी कोणती गाडी ते सांगतो, कारण लोक गल्लत करतात. साइडला चाकं लावलेली पेट्रोलची स्कूटी वेगळी, शिबिरात वाटतात ती तीनचाकी सायकल वेगळी. ही म्हणजे खुर्ची, पुढं हँडल, सीटखाली दोन बॅटऱ्या आणि माणसाच्या चालीनं जाणारी मोटर. गुडघे गेलेत, चार पावलं टाकली की दम लागतो, पण हात चालतात आणि ताठ बसता येतं अशा माणसासाठी. अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅलन थीम यांनी 1968 साली आपल्या बायकोसाठी अशी गाडी बनवली, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. पुढं ब्रिटनमध्ये तर फुटपाथवरच्या स्कूटरला ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरची मर्यादाच घालून दिली. म्हणजे हे मशीन घडलंय फुटपाथ धरून, आणि आपल्याकडं फुटपाथवर रसवंती लागलेली असते.

आता हिशोब. माणूस 80 किलो, गाडी 50 किलो, एकूण 130. गुळगुळीत सपाटीवर एवढं वजन ढकलायला साधारण 25 न्यूटन जोर लागतो. चालण्याच्या स्पीडला, मोटर-गिअरमध्ये वाया जाणारं धरून, 24 व्होल्टच्या बॅटरीतून ढोबळमानानं 2 अँपिअर. आता त्याच गाडीला चढ द्या, 12 फुटात 1 फूट वर जाणारा, म्हणजे रॅम्पसाठी चांगला मानतात तसला. करंट गेला 9 च्या आसपास! चढावर चाकाच्या घर्षणापेक्षा आख्खं वजन वर उचलायचा जोर चौपट होतो म्हणून.

माझ्या मामाचं घर परभणीला, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर, धरा एक फूट. असल्या घराला मिस्त्री काय करतो, जागा नाही म्हणून चार फुटाचा रॅम्प ओततो अन मोकळा होतो. हा चढ झाला 14 अंशाचा, आणि लहान स्कूटरची चढायची मर्यादा असते 6 ते 10 अंश. करंट 23 अँपिअरच्या वर मागायला लागतो, कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट मोजून देणारं सर्किट, तापला की मोटरला मिळणारी पॉवर स्वतःच कमी करतो, आणि गाडी मागं कलंडायची भीती ती वेगळीच. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, सरळ बसत नसेल तर भिंतीच्या कडेनं काढा, मधी सपाट टप्पा देऊन वळवा, पण लांबीत कंजुसी नको.

जास्त करंटचा अजून एक त्रास आहे आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. बॅटरीवर 12 एएच, म्हणजे अँपिअर गुणिले तास, लिहिलेलं असतं ते सहसा 20 तासांचं माप, म्हणजे 0.6 अँपिअरनं हळूहळू काढलं तर 12 मिळतील. लेड-अ‍ॅसिड (शिसं आणि अ‍ॅसिडच्या) बॅटरीतून तेच भराभर ओढलं तर आतलं अ‍ॅसिड प्लेटच्या बारीक छिद्रांत वेळेवर पोचत नाही आणि बॅटरी पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच व्होल्टेज पडतं. म्हणून चढ, खडी, मुरूम असला रस्ता असला की किलोमीटर निम्म्यावर येतात, त्यात बॅटरी खराब निघाली असं काही नसतं.

खरी खराब ती होते उन्हानं. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य कंपन्या 20-25 डिग्रीला सांगतात आणि त्यावर दर 8-10 डिग्रीला ते जवळपास निम्मं होत जातं, कारण तापलं की आतल्या सगळ्या रासायनिक क्रिया, नको त्या पण, जोरात चालतात. परभणी-नांदेडला मेमध्ये सावलीतच 43-44, मग पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होत असेल बघा! त्यात चार्जर. बॅटरी गरम असली की चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी पाहिजे, दर डिग्रीला प्रत्येक सेलमागं, म्हणजे आतल्या कप्प्यामागं, 3-4 मिलिव्होल्ट, आणि 24 व्होल्टच्या जोडीत सेल 12. म्हणजे 40 डिग्रीला अर्धा ते पाऊण व्होल्ट कमी. साध्या चार्जरला यातलं काही कळत नाही, तो आपला तेवढंच देत राहतो, आतलं पाणी उडतं, आणि सीलबंद असल्यामुळं वरून ओतता पण येत नाही. बॅटरीच्या बाजू फुगून आल्या की समजायचं, बदलायची वेळ झाली.

म्हणून दुपारी फिरून आले की लगेच प्लग लावू नका. घरातल्या फरशीवर, सावलीत, थंड होऊ द्या अन रात्री लावा. आणि थोडीच वापरली तरी रोज लावा, कारण उतरलेली बॅटरी तशीच पडली तर प्लेटवर लेड सल्फेटचे खडे कडक होतात, ते परत विरघळत नाहीत. "पूर्ण उतरू दे मग लाव" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या सेलचा, तो हिला लावला तर वर्षभरात नवी जोडी घ्यावी लागते. लाईट जाते तिथं तर रोजची सवय लईच कामाची. परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या, वजन खूप कमी, चढावर एवढं व्होल्टेज पडत नाही, पण चार्जर तिचाच पाहिजे, जुना चालत नाही.

ब्रेकबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि तिथंच हे मशीन भारी आहे. हँडलवरचा खटका सोडला की मोटर आधी गाडी हळू करते आणि मग खालून टक असा आवाज येतो. तो इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक. स्प्रिंग त्याला कायम आवळून धरते, करंट आला तरच तो सुटतो, म्हणून चढाच्या मधोमध बॅटरी संपली तरी गाडी मागं घरंगळत नाही, जाग्यावर उभी. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे, मागं एक खटका असतो, बंद गाडी ढकलून न्यायला. तो ओढला की हा ब्रेक राहतच नाही. उतारावर माणूस बसलेला असताना तो खटका कुणालाही, विशेषतः मदतीला धावून आलेल्या पोरांना, हात लावू द्यायचा नाही.

तीन चाकं का चार? गल्ली-घरात वळायला तीनचाकी बरी, कमी जागेत वळते, पण एका बाजूला नालीकडं उतरत्या रस्त्यावर वळताना तीच आधी कलंडते, कारण वजनाला आधार त्रिकोणाचा. बाहेर जास्त फिरणार असाल तर चारचाकीच. टायर हवेचे घेतले तर बसायला मऊ लागतात पण आपल्याकडं सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे, त्यामुळं भरीव टायर. धक्के बसतात, इलाज नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात नेऊच नका, ही माती पाणी पिऊन फुगते, चाक अन मडगार्डच्या मधी गच्च बसते आणि मग मोटर नुसती कण्हते.

आणि घ्यायच्या आधी गाडी घरी आणायला लावा. तुमच्या रॅम्पवर, तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर, ज्याला वापरायचीय त्यालाच बसवून बघा. बरेचदा गाडीचं पोट स्पीडब्रेकरवर टेकतं आणि मागची चाकं हवेत फिरतात, आणि हे दुकानातल्या टाइल्सवर कधीच कळत नाही. दुकानदार घरी आणायला नाही म्हणला तर दुसरं दुकान बघा.