विंडो कधीची? उंच शिखरावरच्या चढाईचा दिवस कसा ठरू लागला

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर एकच विषय चघळला जातो: विंडो कधीची दिसतेय? विंडो म्हणजे माथ्यावरचा वारा माणसाला उभं राहू देईल असे सलग दोन-चार दिवस. आकाश निळंशार आहे की नाही, याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. तळावर लख्ख ऊन असतं आणि माथ्यावरून बर्फाच्या भुकटीचा लांबलचक पिसारा उडत असतो. अशा दिवशी वर जाण्यात अर्थ नसतो. आज या विंडोचा अंदाज पाच-सहा दिवस आधी मिळतो. शंभर वर्षांपूर्वी हवेचा रंग वर पोचल्यावरच कळायचा.

सुरुवातीच्या ब्रिटिश मोहिमांचं हवामानाचं गणित एका वाक्यात मावायचं: मान्सून पोचायच्या आत उरका. १९२२ साली ते उरकलं नाही. जूनच्या सुरुवातीला ताजा बर्फ पडला. ७ जूनला गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीची तुकडी नॉर्थ कोल या उत्तरेकडच्या खिंडीच्या उतारावर असताना तोच बर्फ सुटला आणि सात भारवाहक त्याखाली गेले. दोन वर्षांनी, ८ जून १९२४ रोजी, मॅलरी आणि त्याचा साथीदार अर्विन वरच्या कड्यावर असताना दुपारी वादळ आलं. खालून येणाऱ्या ओडेल या सहकाऱ्याने पाऊण-एकच्या सुमारास त्यांना ढगांच्या फटीतून पाहिलं, ते शेवटचं. या मोहिमेने बेस कॅम्पवर वायुदाबाच्या नोंदी ठेवल्या होत्या. छापलेल्या तक्त्यात त्या दशकानुदशकं पडून राहिल्या. २०१० साली मूर, सेम्पल आणि आपल्याकडचे मान्सूनतज्ज्ञ डी. आर. सिक्का यांनी त्या तपासल्या, तेव्हा त्या दिवसांत दाब सुमारे १८ हेक्टोपास्कलने (हे वायुदाबाचं एकक) घसरल्याचं दिसलं.

हा आकडा कोरडा वाटेल, म्हणून जरा उलगडतो. उंचीमापक यंत्र मुळात हवेचा दाबच मोजतं. तंबू जागचा हललेला नाही आणि रात्रीत काटा चाळीस-पन्नास मीटर वर सरकलाय, म्हणजे दाब पडतोय, हवा बिघडणार, हे जुन्या गिर्यारोहकांना पाठ असे. पाच हजार मीटरवर १८ हेक्टोपास्कलची घसरण म्हणजे हिशेबाने साधारण अडीचशे मीटर. इशारा तळावर लिहिला जात होता, पण तो वर कळवायला मधे काहीच नव्हतं.

१९३३ च्या मोहिमेने वायरलेस सोबत नेला आणि कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेचे अंदाज डोंगरापर्यंत पोचू लागले. त्यांचा भर मान्सूनच्या वाटचालीवर होता. वरच्या वाऱ्याबद्दल कुणालाच पुरेसं माहीत नव्हतं. खरं तर वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो प्रचंड वेगवान वारा मोजला होता. पण त्याने अहवाल एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत लिहिला, आणि तो वाचणार कोण? दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणारी अमेरिकी विमानं जपानवर या वाऱ्यात सापडली, तेव्हा जगाने जेट स्ट्रीमची दखल घेतली.

एव्हरेस्टचं सगळं वेळापत्रक या वाऱ्यावर बेतलेलं आहे. हिवाळाभर जेट हिमालयाच्या डोक्यावर असतो आणि माथ्यावर ताशी दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त वेग सहज गाठतो. मे महिन्यात तो तिबेटच्या उत्तरेकडे सरकू लागतो. त्याचं जाणं आणि मान्सूनचं येणं यांच्यामधे जी उसंत मिळते, ती विंडो. पावसाळ्यानंतर जेट परततो. १९५२ च्या शरद ऋतूत स्विस मोहिमेला याच वाऱ्याने आणि थंडीने साउथ कोल या दक्षिणेकडच्या खिंडीच्या वर फार जाऊ दिलं नाही.

१९५३ साली आकाशवाणी आणि बीबीसीवरून हिलरी-तेनसिंगच्या मोहिमेसाठी खास हवामानवृत्त लागत असे. तरी तेव्हाच्या अंदाजाचा भरवसा एक-दोन दिवसांपलीकडे नव्हता, आणि बेस कॅम्पवरून निघून माथा गाठायला चार-पाच दिवस लागतात. खरी अडचण इथे होती. म्हणून पथकं वरच्या कॅम्पात जाऊन वाट पाहायची. तिथे शरीर रोज झिजतं. १९६० ची भारतीय मोहीम ८,६२५ मीटरवरून परतली, १९६२ ची ८,७२० मीटरवरून, दोन्ही वेळा हवेमुळे. १९६५ साली एप्रिलअखेर हवा बिघडली तेव्हा भारतीय मोहिमेचे नेते कॅप्टन कोहली यांनी पथक खाली आणलं आणि थांबले. मग २० ते २९ मे दरम्यान चार तुकड्यांतून नऊ जण माथ्यावर पोचले. हे थांबणं मला त्या मोहिमेतला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

१ ऑगस्ट १९७९ पासून युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने अनेक दिवसांचे अंदाज नियमित द्यायला सुरुवात केली. त्याला सॅटेलाइट फोनची जोड मिळाल्यावर कामाची रीतच बदलली. वर जाऊन वाट पाहण्याऐवजी खाली थांबायचं, समिटची तारीख धरायची आणि तिथून उलटं मोजत निघायचं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे हवामानतज्ज्ञ कार्ल गाबल, स्वतः गिर्यारोहक, कितीतरी पथकांना फोनवरून दिवस सांगत. माथ्यावर ताशी पन्नास किलोमीटरच्या आत वारा, असा ढोबळ निकष रुळला. वाऱ्याचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, कारण जेट ही मोठी, ठळक गोष्ट आहे. दुपारचे ढग आणि बर्फ कुठल्या दरीत किती, हे सांगणं मात्र अजूनही अवघड. म्हणून परतायची वेळ आधी ठरवून ठेवायची प्रथा टिकून आहे. १० मे १९९६ रोजी दुपारी एक-दोनची ती मर्यादा ओलांडून काही जण चारपर्यंत माथ्यावर पोचत राहिले. संध्याकाळच्या वादळात नेपाळ आणि तिबेट अशा दोन्ही बाजू मिळून आठ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या थोडं आधीच, वारा आणि गर्दी पाहून चित्रपट दिग्दर्शक ब्रेशिअर्स यांचं चित्रीकरण पथक खाली उतरलं होतं. ते २३ मेला वर गेले.

अंदाज असणं आणि तो पोचणं यातलं अंतर २०१४ मध्ये पुन्हा दिसलं. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं, त्याची वाटचाल सगळ्यांना दिसत होती. दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ओलाव्याने अन्नपूर्णा परिसरात थोरोंग ला खिंडीभोवती हिमवादळ झालं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांतले बरेच ट्रेकर सकाळी नेहमीप्रमाणे निघाले होते.

अंदाज सगळ्यांपर्यंत पोचू लागला तशी दुसरीच पंचाईत झाली. सगळे एकच तक्ता वाचतात आणि एकाच रात्री निघतात. २०१९ च्या वसंतात नेपाळने ३८१ परवाने दिले होते, विंडो तोकडी होती, आणि २२ मेला माथ्याखालच्या धारेवर लागलेल्या रांगेचा फोटो जगभर फिरला. त्याच मोसमात ८,४३० मीटरवर, बाल्कनी नावाच्या धारेवरच्या सपाटीवर, स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं गेलं, २०२२ मध्ये आणखी वर, ८,८१० मीटरवर. काही म्होरके आता पहिली विंडो मुद्दाम सोडून देतात. रांग टळते, पण मान्सून तितका जवळ येतो. २०२१ च्या मे महिन्यात असं थांबलेल्यांच्या वाट्याला आधी तौक्ते आणि मग यास, अशी दोन चक्रीवादळं आली. यासचा बर्फ ओसरेपर्यंत काही जण तळावर बसून राहिले, आणि मे संपता संपता वर गेले.