पेव्हर ब्लॉक घातले म्हणजे पाणी जिरतं?

‘अंगणात पेव्हर ब्लॉक घाला, पाणी सांध्यांतून जिरतं, उतार लागत नाही,’ असं ठेकेदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. चूक आहे. साध्या ब्लॉकांमधली फट जेमतेम २ ते ४ मिलिमीटर. तिच्यात भरलेली दगडाची कच बारीक मातीने गच्च होत जाते. खाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम, कुठे कुठे तर चक्क पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. पाणी जाणार कुठे? म्हणून मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर उतार हवाच, तोही घराच्या जोत्यापासून बाहेर. (जोत्याकडे उतार देणारे महाभागही असतात!) खरंच पाणी जिरवायचं असेल तर रुंद फटींचे ब्लॉक, फटींत बारीक खडी आणि खाली भुकटी नसलेल्या खडीचा जाड थर लागतो. काळ्या मातीवर शिवाय निचऱ्याचा पाईपही.