मुक्त व्यापार आणि आर्थिक सार्वभौमत्व (भारत)

परदेशांशी व्यापार खुला करताना देश आपल्याच काही निर्णयांवर बंधने घालून घेतो. आयात शुल्क किती लावायचे, कोणत्या औषधाला पेटंट द्यायचे, धान्य कोणत्या भावाने खरेदी करायचे, परकीय कंपनीवर कर कसा बसवायचा, हे एरवी संसदेच्या आणि सरकारच्या अखत्यारीतले विषय. करारावर सही झाली की त्यांचा जाब बाहेरही द्यावा लागतो. विकसनशील देशाला हे अधिक जाचते, कारण सही करताना बऱ्याचदा त्याचा हात दगडाखाली असतो.

१९९१ मध्ये भारताची गत तशीच होती. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली होती. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवले, रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण व मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी संसदेत आले. परवाना राज मोडायलाच हवे होते. पण ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाची निकड असताना मोडले गेल्याने स्वतःचा निर्णय कुठे संपला आणि सावकाराची अट कुठे सुरू झाली, हा वाद कायमचा मागे राहिला.

त्याच वर्षअखेरीस आलेल्या डंकेल प्रस्तावावर, म्हणजे गॅट या व्यापार कराराचे प्रमुख आर्थर डंकेल यांनी मांडलेल्या नव्या जागतिक व्यापार नियमांच्या मसुद्यावर, देशभर रान उठले. पुढे त्यातून साकारलेल्या मराकेश करारावर एप्रिल १९९४ मध्ये सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून भारत जागतिक व्यापार संघटनेचा संस्थापक सदस्य झाला. भारतीय राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय करार मंजूर करण्यासाठी संसदेचे मतदान लागत नाही; करारासाठी कायदा बदलायचा असेल तेव्हाच विषय सभागृहात येतो. सार्वभौमत्वाची खरी गळती इथे आहे. पेटंट, शेती आणि सेवाक्षेत्र यांची दिशा ठरवणारा दस्तऐवज लोकप्रतिनिधींच्या मताशिवाय देशाला बांधून गेला.

महाराष्ट्रात या वादाला वेगळे वळण लागले. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले. भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळत नाही, उलट निर्यातबंदी आणि स्वस्त आयातीने भाव पाडून त्याच्याकडूनच वसुली होते, म्हणजे त्याची सबसिडी उणे आहे, हे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव दिल्लीच्या सार्वभौम निर्णयानेच पडला. त्यामुळे सार्वभौमत्व कोणाचे आणि कोणासाठी, हा प्रश्न टाळता येत नाही.

आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा, म्हणजे कोणता माल किती आणायचा यावरच्या मर्यादांचा, खटला भारत हरला. गंगाजळी अपुरी असल्याचे कारण देऊन भारताने शेकडो वस्तूंवर हे निर्बंध राखले होते. अमेरिकेने १९९७ मध्ये तक्रार केली. व्यापार संघटनेच्या तंटा निवारण मंडळाने भारताची गंगाजळी पुरेशी आहे का, हे नाणेनिधीला विचारले आणि १९९९ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंधही उठले. शुल्क वाढवण्याची मुभा मात्र राहिली.

पेटंटच्या बाबतीत भारताने मिळालेली जागा नीट वापरली. १९७० च्या कायद्यात औषधाच्या केवळ प्रक्रियेला पेटंट होते, आणि त्याच आधारावर स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. २००५ पासून उत्पादनालाही पेटंट देणे भाग पडले. पण त्याच दुरुस्तीत संसदेने कलम ३(ड) घातले: जुन्याच रेणूचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल तर पेटंट नाही. या कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधावरील दावा फेटाळला. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायरच्या नेक्साव्हार या कर्करोगावरील औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवण्याची मुभा, दिला. बायरच्या महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत होते. नॅटकोला ८,८८० रुपयांची कमाल मर्यादा घालून दिली गेली आणि बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क ठरले. मुंबई उच्च न्यायालयानेही परवाना कायम ठेवला. असा परवाना भारताने त्यानंतर दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. कागदावरचा हक्क वापरायला राजकीय धाडसही लागते.

गुंतवणूक करारांत उलट घडले. १९९० च्या दशकापासून भारताने डझनावारी देशांशी असे करार केले. त्यांतून परकीय कंपनीला थेट सरकारला लवादापुढे खेचता येते. देशी उद्योजकाला तो मार्ग नाही. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारतीय न्यायालयांतील दिरंगाईवरून असा दावा जिंकला. पूर्वलक्षी करावरून, म्हणजे आधी झालेल्या व्यवहारांवर मागाहून लावलेल्या करावरून, व्होडाफोन आणि केर्न या कंपन्यांच्या बाजूने २०२० मध्ये निवाडे आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने ती करतरतूदच मागे घेतली. तरतूद मुळात वाईट होती, हे खरे. तोवर सरकारने बहुतेक जुने करार संपवण्याच्या नोटिसाही दिल्या होत्या.

सर्वांत चिवट गुंता हमीभावाचा आहे. व्यापार संघटनेच्या शेती करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकासाठी त्याच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच हमीभावाचे साहाय्य देता येते. ते मोजायचे ते आजचा हमीभाव आणि १९८६–८८ चा गोठवलेला संदर्भभाव यांतल्या फरकाने. मधल्या दशकांची महागाई हिशेबात धरली जात नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती फारसे काही न पडताही कागदावर अनुदान फुगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क दिल्यावर हा फास आवळला. त्याच डिसेंबरात बालीच्या परिषदेत भारताने शांतता कलम मिळवले: मर्यादा ओलांडली तरी कायमचा तोडगा निघेपर्यंत कोणी तंटा उभा करणार नाही. २०१८–१९ मध्ये तांदळाचे साहाय्य ११ टक्क्यांवर गेले आणि या कलमाचा आधार घेणारा भारत पहिला देश ठरला. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचे ठरले होते. २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही तो निघाला नाही. शिवाय हे संरक्षण बालीच्या निर्णयाआधीपासून चालू असलेल्या योजनांनाच आहे. त्यानंतर सुरू झालेल्या साठवणूक योजनेला ते लागू होत नाही.