इंग्रजी शब्दकोशांतील काव्यावतरणे

शब्दाचा अर्थ दिल्यावर त्याखाली नामवंत कवीची ओळ दाखला म्हणून उतरवून देण्याची कोशकारांची रीत. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) अर्थापुढे ‘-ज्ञा’, ‘-तुगा’ असे संक्षेप येतात, ते ज्ञानेश्वरीचे व तुकारामांच्या गाथेचे. युरोपात फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६१२ च्या इटालियन कोशात दान्ते व पेत्रार्क यांना असेच साक्षीला बसवले होते.

इंग्रजीत ही रीत रुजवली अठराव्या शतकातले कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी. पुस्तक वाचताना ते हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढत आणि समासात त्याचे आद्याक्षर लिहीत. मग लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधील घरात बसलेले लेखनिक तो उतारा चिठ्ठीवर नकलून घेत. लेखनिक सहा, त्यांतले पाच स्कॉटिश. १५ एप्रिल १७५५ रोजी निघालेल्या त्यांच्या कोशाच्या दोन खंडांत सुमारे ४२,००० शब्द आणि १,१४,००० च्या आसपास अवतरणे होती. शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, पोप, स्पेन्सर ही नावे पानोपानी दिसतात.

ओट हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात मात्र त्यावर माणसे जगतात, ही त्यांची खोचक व्याख्या आजही सांगितली जाते. तिच्याखालचा शेक्सपिअरचा दाखला सहसा कोणी वाचत नाही. ‘ओटांनी घोडे खाल्ले’, एवढीच ती ओळ. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकातला नोकर मुद्दाम उलटे बोलतो आहे. ओट म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही, त्याचा या ओळीने गोंधळच व्हायचा. (ओळ तशी गद्यच आहे, पण कोशात कवीचे नाव लागले की तिचे वजन वाढते.) अवतरणाने अर्थ दाखवावा आणि वाचनाचा आनंदही द्यावा, अशी जॉन्सन यांची मूळ इच्छा होती. कोश फुगू लागल्यावर त्यांना उतारे छाटावे लागले. या काटछाटीत मूळ लेखकाचे म्हणणेही कधी फिरले असेल, हे त्यांनी प्रस्तावनेत सरळ कबूल केले आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांना अवतरणांचा हा भार अनावश्यक वाटला. १८२८ च्या आपल्या कोशात त्यांनी तो बराच हलका केला.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत (१८८४–१९२८) अवतरणाचे काम बदलले. जॉन्सनसाठी कवी म्हणजे चांगल्या भाषेचा मानदंड होता. इथे तो शब्दाच्या प्रवासाचा तारीखवार पुरावा झाला. मात्र पुस्तके वाचून उताऱ्यांच्या चिठ्ठ्या पाठवणाऱ्या स्वयंसेवकांचे लक्ष नवलाईच्या शब्दांवरच जाई. ‘अब्यूझन’ या विरळ शब्दाचे पन्नासेक दाखले आले, तर रोजच्या ‘अब्यूज’चे (गैरवापर) पाचही नाहीत, अशी संपादक जेम्स मरी यांची तक्रार होती.

पुरावा म्हणून पाहिले की कवींच्या चुकाही नोंदवाव्या लागतात. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीने ‘करायला धजणे’ या अर्थी सहज वापरलेले दोन शब्द पुढे लिडगेट या कवीच्या छापील प्रतींत बिघडून ‘डेरिंग डू’ झाले. स्पेन्सरने १५७९ मध्ये त्यालाच ‘शौर्य’ या अर्थाचे नाम समजून कवितेत घातले. स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत ते उचलले आणि चुकीतून जन्मलेला शब्द इंग्रजीत कायमचा राहिला. रॉबर्ट ब्राउनिंग या कवीची फजिती याहून मोठी. सतराव्या शतकातल्या एका टवाळ पद्यातला स्त्रीच्या गुप्तांगाचा ग्राम्य शब्द त्याला जोगिणीच्या पोशाखाचा भाग वाटला, आणि ‘पिपा पासेस’ (१८४१) या नाट्यकाव्यात तो त्याने गंभीरपणे योजला. ऑक्सफर्ड कोशाने ती ओळ गाळली नाही. कवीचा गैरसमज झाल्याची टीप देऊन तिथेच ठेवली.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत कवींना फारशी जागा उरली नाही. वृत्तासाठी कवी शब्दांचा क्रम उलटापालटा करतो आणि जुनी रूपे वापरतो. नवशिक्याला त्यावरून स्वतःचे वाक्य रचता येत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने (१९८७) संगणकात साठवलेल्या प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरातूनच वाक्ये निवडली.