एचआयव्ही: चाचणीला कागद लागत नाहीत, अनुदानाला लागतात (सांगली-मिरजेसाठी अर्जाची माहिती)

वस्त्यांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एचआयव्हीचे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, हे सगळं त्यात बरोबर सांगितलेलं असतं. पण उद्या सकाळी कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं, हे क्वचितच असतं. मग आधारवर पत्ता गावाकडचा आहे, रेशनकार्ड सासूच्या नावावर आहे, असल्या कारणांनी माणसं चाचणीच टाळतात. ग्रुप चालवणाऱ्या आशाताईंनी आणि मंडळाच्या पोरांनी पुढची माहिती जशीच्या तशी टाकली तरी चालेल.

चाचणी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणीच्या सरकारी केंद्रात होते, आणि ती मोफत आहे. सांगलीचं सिव्हिल म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय ही जवळची ठिकाणं. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, कशाचीही अट नाही. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, तसा 2017 चा कायदाच आहे आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संसर्गाचा धोका (असुरक्षित संबंध, दुसऱ्याची वापरलेली सुई) अगदी अलीकडे झाला असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. आणि धोका होऊन 72 तास उलटले नसतील, तर चाचणीची तारीख बघत बसू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. संसर्ग टाळणारी 28 दिवसांची औषधं तेवढ्या वेळातच सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं बरं.

केंद्रात जायचाच संकोच वाटत असेल तर 1097 वर फोन करा. नंबर टोल-फ्री आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नोंदणी होते. 2017 पासून सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, औषध लगेच सुरू करतात. इथं फोटो आणि पत्त्याचा पुरावा मागतात, कारण रुग्ण मध्येच यायचा थांबला तर शोधायचं कुठं हा प्रश्न असतो. पण पुरावा नाही म्हणून औषध अडत नाही. तसं समुपदेशकाला सरळ सांगायचं. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते तपासतात, त्याचेही पैसे लागत नाहीत.

खरी कागदपत्रं लागतात ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेला. एचआयव्हीसारख्या आजारामुळे स्वतःचं पोट भरता येत नाही, त्यांना ही योजना लागू होते. महिन्याला 1,500 रुपये मिळतात. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. आजच्या मजुरीच्या दरात 21,000 ही मर्यादा हास्यास्पद आहे, पण अर्ज तपासताना तीच लावतात. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आधी काढून घ्या. तो तहसीलदारांचा लागतो, सेतूतून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळतो. अर्जाला त्यासोबत रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला चालतो), आधार, बँक पासबुक आणि सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा आजाराचा दाखला जोडायचा. हा दाखला कुणाकडून सही करून घ्यायचा ते एआरटी केंद्रातच विचारा, म्हणजे हेलपाटे वाचतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जातो आणि मंजुरी समिती देते.

आता जपायची गोष्ट. आजाराचा दाखला एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. झेरॉक्सच्या दुकानात काचेखाली मूळ कागद विसरून माणूस निघून जातो, हे रोजचं आहे. हा कागद तिथं राहिला तर गल्लीभर होतं. झेरॉक्स स्वतः उभं राहून काढा, पाकिटात घाला, शाखेतल्या कर्मचाऱ्याच्याच हातात द्या. तुमची माहिती संमतीशिवाय दुसऱ्याला सांगणं त्याच 2017 च्या कायद्याने मना आहे, कार्यालयातल्या माणसालाही.

बायकांचा नेहमीचा प्रश्न लाडकी बहीणचा. दोन्हींचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणला अपात्र ठरवतात. ते हप्ते आधीच चालू असतील, तर तेवढ्याच रकमेसाठी आजार कागदावर आणायचा का, हे घरी बसून ठरवा. माझ्या मते घाई करू नये.

देहविक्री करणाऱ्या महिलांना पत्त्याच्या पुराव्याअभावी आधारच मिळत नसे. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वाट काढून दिली. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार निघतं, आणि त्यावर व्यवसायाची खूण येऊ द्यायची नाही असंही न्यायालयाने बजावलं आहे. वस्तीत काम करणाऱ्या संस्थेमार्फत हे प्रमाणपत्र मागता येतं.

मंजुरीनंतर पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. बचत गटासाठी किंवा कर्जासाठी मध्येच दुसरं खातं उघडलं असेल तर ते आधी बँकेत तपासून घ्या. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की हप्ता थांबतो, म्हणून मागच्या वर्षीची पोचपावती फाइलमध्ये वरच ठेवा.